ठराव क्रमांक चार

सातपूरला, पपया नर्सरीच्या मागे,
युनियनच्या पत्र्याच्या खोलीत
एकवीस माणसं, चौदा खुर्च्या,
आणि वही घेऊन मी कोपऱ्यात.
इतिवृत्त माझ्याकडे, अक्षर बरं म्हणून.

विषय: तपासणीवर बसणारा कॅमेरा.
पापणी न लवणारा, चहाला न उठणारा,
बेअरिंगच्या कडेवरची केसाएवढी चीर
मिनिटाला नव्वद नगांतून वेचणारा.
स्वतःच शिकतो म्हणे.
बोनसच्या वेळी गेटवर उभा राहत नाही.

निरभवणे बोलले. ते बोलतात चांगलं.
"आपलं यंत्राशी वैर नाही,
हा लढा कामगाराच्या भाकरीचा आहे."
टाळ्या पडल्या.
मी लिहिलं: टाळ्या.

मग दाराशी उभी असलेली लंका गांगुर्डे
म्हणाली, मी बोलू का?
ती सभासद नाही. होऊ शकत नाही.
अकरा वर्षं ठेकेदाराकडे,
दर सात महिन्यांनी ब्रेक,
ब्रेकनंतर नवं कार्ड, जुनंच स्टूल,
डोक्यावर तोच पांढरा दिवा.

"कॅमेरा ज्या जागी बसणार ती जागा माझी.
तुमच्यातल्या कुणाची नाही.
मग एवढा घसा कुणासाठी?
आम्हा सोळा जणींना दिवाळीच्या तोंडावर घरी धाडलं
तेव्हा इथं कॅरम चालू होता.
स्ट्रायकरचा आवाज गेटपर्यंत येत होता."

कुणीतरी खोकलं.
निरभवणे म्हणाले, ताई, तो विषय वेगळा.
ती म्हणाली, विषय वेगळा, स्टूल तेच.

एक अप्रेंटिस पोरगा, डोंगरे की काय,
म्हणाला, येऊ द्या ना कॅमेरा,
ताईंचे डोळे तरी वाचतील.
ती त्याच्याकडे वळली.
"वाचलेल्या डोळ्यांनी बघू काय मग? रिकामा डबा?
मलाही नकोय तो.
पण का नको ते मला विचारा.
माझ्या नावानं परस्पर सांगू नका."

मी लिहिलं: चर्चा झाली.

घरी जाताना त्र्यंबक रोडवर
थंडी कानात शिरत होती. कान.
तीस वर्षं मी स्क्रू-ड्रायव्हरचं टोक मशीनला
आणि मूठ कानाला लावून
आतलं दुखणं ओळखत आलो.
पोरं म्हणायची, मामांच्या कानात डॉक्टर आहे.
मागच्या पावसाळ्यात कंपनीनं सेन्सर लावला.
सात नंबरच्या मशीनचं मरण
त्यानं माझ्याआधी एक दिवस सांगितलं.

खरं लिहायचं तर,
त्या दिवसापासून मी कामगारांच्या बाजूचा झालो.

आता हेही कामगाराचंच म्हणायचं का?
भाकर नव्हे, पगारही नव्हे,
नुसतं "मामा, जरा बघता का" एवढं ऐकायची सवय.
आणि चुकीच्या पायानं चढलेला माणूस
बरोबर ओट्यावर पोचू शकतो की नाही?
मला ठरवता येत नाही.
बायकोला विचारलं तर म्हणाली, हात धुवा, भाजी निवतेय.

सोमवारी पाहिलं:
कॅमेऱ्याशेजारीच लंकाचं स्टूल.
हातात दोन बटणं, हिरवं आणि लाल.
नग येतो, ती दाबते, तो बघतो.
नग येतो, ती दाबते, तो बघतो.
अकरा वर्षांची नजर
दोन आठवड्यांत उतरवून घ्यायची आहे.
शिकवणीचे पैसे?
ठेकेदार म्हणाला, हजेरी आहे ना.

मला पाहून तिनं मान वर केली नाही.
"वहीत लिहा मामा," म्हणाली,
"स्वतः नाही शिकला."
आणि लाल दाबलं.

रात्री वही उघडली.
टाळ्या या शब्दाखाली चार ओळी मोकळ्या होत्या,
तिथं तिचं बोलणं लिहिलं, आठवलं तसं,
कॅरमसकट.
निरभवणे खोडतील. खोडू देत, पेन दाबून लिहिलंय,
मागच्या पानावर उमटलंय.

त्या पानावर ठराव आहे:
कॅमेऱ्यास विरोध, एकमतानं मंजूर.
एकवीस हात मीच मोजले होते.
दाराशी तिचा हात वर होता की खाली,
ते मी पाहिलंच नाही.
तो मोजायचा नव्हता.